भाऊबीजेनंतरचा रविवार

१९९५ साली भंडाऱ्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेल्या माणसाच्या पदवीवर ‘नागपूर विद्यापीठ’ एवढंच छापलेलं असतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव त्या विद्यापीठाला २००५ मध्ये मिळालं. या पदवीधराच्या वर्गातला कुणी आमगावचा असेल, कुणी देवरीचा, कुणी अर्जुनी-मोरगावचा. पण वहीवर सगळे जण ‘जि. भंडारा’ असंच लिहीत. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि अर्धा वर्ग बसल्या जागी दुसऱ्या जिल्ह्यात गेला. पवनी तालुक्यात वैनगंगेच्या काठी राहणाऱ्या काही जणांचं तर गावच हललं. गोसेखुर्द धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली होती, पण पाणी चढत जाऊन घरं सोडायची वेळ आली ती पुढच्या कितीतरी वर्षांत, टप्प्याटप्प्याने. तीस वर्षांनंतर हा वर्ग पुन्हा गोळा करायला जो निघतो, त्याच्या हातात जुनी पत्त्यांची यादी असली तरी तिच्यातला जिल्हा बदललेला असतो, गाव उठून दुसरीकडे वसलेलं असतं आणि मुलींच्या बाबतीत आडनावही बदललेलं असतं.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांवर लिहिताना बहुतेक जण हॉल, जेवण, स्मृतिचिन्ह आणि कार्यक्रमपत्रिका यांच्याबद्दल लिहितात. ते सगळं आठ दिवसांत जमतं. वेळ लागतो तो माणसं शोधायला आणि सापडलेली माणसं धरून ठेवायला. हे काम कोण करतो, हे पाहिलं तर भंडारा, तुमसर, साकोली, पवनी अशा गावांत एकच उत्तर मिळतं: जो गावातच राहिला तो. कुणी झेरॉक्सचं दुकान चालवतो, कुणी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, कुणी कृषी सेवा केंद्र टाकलं आहे, कुणी बापाची चार एकर बांधी कसतो. पुण्याहून येणारा वर्गमित्र दोन दिवसांचा पाहुणा असतो. वर्ग टिकतो तो राहिलेल्यांच्या जिवावर. म्हणून मेळाव्याची तारीख, जागा आणि खर्च हे तिन्ही राहिलेल्यांच्या सोयीने ठरले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे आणि हे प्रकरण त्यासाठीच आहे.

आधी इथले वर्ग कसे जमत आणि कसे पांगत, ते पाहू. एकेकाळी भंडाऱ्याच्या मुलाला कॉलेज शिकायचं तर बहुधा नागपूर गाठावं लागे. हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं, विद्यापीठ १९२३ चं. म्हणजे जिल्ह्यातल्या शिकलेल्या माणसाचे वर्गमित्र नागपूरला आणि घरदार इकडे, अशी स्थिती होती. मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था सुरू केली. भंडाऱ्याचं जे. एम. पटेल कॉलेज आणि तुमसरचं एस. एन. मोर कॉलेज ही याच संस्थेची. तालुक्याच्या ठिकाणी कॉलेज आल्यावर एक नवाच विद्यार्थी तयार झाला. तो खोली करून राहत नसे. सकाळी गावातून एसटी पकडायचा आणि संध्याकाळी परतायचा. आमच्याकडे याला ‘अप-डाऊन करणं’ म्हणतात.

या अप-डाऊनकडे मेळावा भरवणाऱ्यांचं लक्ष फार कमी जातं. कॅन्सस विद्यापीठातले संवादशास्त्राचे अभ्यासक जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक हिशेब मांडला. नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तासांचा सहवास लागतो, खरी मैत्री व्हायला ९० आणि जिवलग होण्यासाठी २०० तासांच्या वर. आता अड्याळहून भंडाऱ्याला येणाऱ्या मुलाचा विचार करा. जाऊन-येऊन दीड तास धरला आणि वर्षाचे दीडशे दिवस धरले, तर एका वर्षातच सव्वादोनशे तास होतात. तेही तास ऐकण्यात किंवा लिहिण्यात न जाता नुसते बोलण्यात, डबा वाटून खाण्यात आणि एकमेकांच्या जागा धरण्यात गेलेले. अशा मैत्र्या वर्गाच्या ग्रुप फोटोत दिसत नाहीत, कारण एकाच बसमध्ये बी.ए.चे, बी.कॉम.चे आणि अकरावी-बारावीचेही असत. म्हणून फक्त ‘बी.ए. फायनल, अमुक साल’ अशी हाक घातली की ज्याच्याशी खरी जवळीक होती तोच यादीबाहेर राहतो. यादी करताना प्रत्येकाला एक प्रश्न विचारावा: तू कोणत्या गाडीने यायचास, आणि त्या गाडीत आणखी कोण असायचं? या एका प्रश्नातून जेवढी नावं निघतात, तेवढी हजेरीपटातून निघत नाहीत.

दुसरी गोष्ट, यादी पास झालेल्यांची करू नये. ती पार्ट वनला प्रवेश घेतलेल्यांची करावी. पहिल्या वर्षाच्या वर्गात बसलेले सगळे फायनलपर्यंत पोचत नसत. कुणाचं इंग्रजी राहिलं, कुणाच्या घरी बैलजोडी आणि शेत सांभाळायला माणूस उरला नाही, कुणा मुलीचं दुसऱ्या वर्षी लग्न झालं, कुणी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत, वरठीच्या सनफ्लॅग कारखान्यात किंवा चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणीत कामाला लागला. हे सगळे त्याच वर्गाचे. त्यांना वगळून केलेला मेळावा हा यशस्वी लोकांचा मेळावा होतो. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार एक किंवा दोन वर्षं शिकून प्रमाणपत्र किंवा पदविका घेऊन बाहेर पडण्याची सोय झाली आहे. पुढच्या पिढीत ‘आमची बॅच’ नेमकी कोणती हे सांगणं आणखी अवघड होणार. तेव्हा प्रवेशाचं वर्ष धरण्याची सवय आत्तापासूनच लावून घेतलेली बरी.

यादीची सुरुवात आठवणीतून होते, आणि आठवण कुठे साथ देते अन् कुठे सोडते याचा एक सुंदर अभ्यास झालेला आहे. १९७५ मध्ये हॅरी बाहरिक, फिलिस बाहरिक आणि रॉय विटलिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १७ ते ७४ वयाच्या ३९२ माणसांना त्यांच्या शाळेच्या वार्षिकांकातले फोटो आणि नावं दाखवली. शाळा सोडून पंधरा वर्षं झालेले लोकही सुमारे ९० टक्के चेहरे आणि नावं बरोबर ओळखत होते. जवळजवळ ४८ वर्षांनंतरही नावं ओळखण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास आणि चेहरे ओळखण्याचं ७० टक्क्यांच्या आसपास होतं. पण समोर काहीच न ठेवता ‘वर्गातल्या मुलांची नावं सांगा’ म्हटलं की पंधरा वर्षांनी ६० टक्के आणि ४८ वर्षांनी ३० टक्केच नावं आठवत होती. याचा कामाचा अर्थ सरळ आहे. एकट्याने वही घेऊन बसू नये. कॉलेजचा वार्षिकांक, ग्रुप फोटो, स्नेहसंमेलनाचे फोटो, एनएसएसच्या शिबिरातले फोटो असं जे हाती लागेल ते चार जणांपुढे ठेवावं. ‘हा कोण गा?’ असं कुणीतरी विचारतो, दुसरा आडनाव सांगतो, तिसरा गाव सांगतो, आणि चौथ्याला त्याचा भाऊ धान खरेदी केंद्रावर भेटलेला आठवतो.

धान खरेदी केंद्राचं नाव मी सहज घेतलेलं नाही. दिवाळीनंतर आधारभूत भावाने धान विकायला शेतकरी पोती घेऊन केंद्रावर येतो तेव्हा त्याला बराच वेळ थांबावं लागतं. मोबाईलवर न सापडणारे वर्गमित्र तिथे सापडतात. जिल्ह्याबाहेर राहणाऱ्याला ही जागा सुचत नाही. गावात राहिलेल्याला सुचते. तसंच दुसरं साधन म्हणजे नव्वदच्या दशकातल्या स्लॅम बुका आणि ऑटोग्राफच्या वह्या. त्यात आवडता हिरो, आवडता रंग यांच्या जोडीला घरचा पूर्ण पत्ता असे: मुक्काम, पोस्ट, तालुका. फोन नंबर दर चार वर्षांनी बदलतो, नोकरीचं गाव बदलतं, पण मु. पो. लिहिलेल्या घरी अजूनही आई, भाऊ किंवा वहिनी असते. त्या गावच्या किराणा दुकानदाराला नाहीतर पोलीस पाटलाला विचारलं की पुढचा धागा मिळतो. कॉलेजच्या कार्यालयाकडूनही मदत मिळते, मात्र तिथे नंबर मागू नयेत. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आल्यापासून संस्थांनी दुसऱ्याची माहिती अशी वाटणं धोक्याचं आहे. आपला निरोप आणि आपला नंबर कार्यालयाकडे द्यावा आणि त्यांनी तो पुढे पाठवावा, ही रीत दोघांनाही सोयीची.

आता मुलींकडे येतो. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण बहुतेक मेळाव्यांचं अपयश इथे असतं आणि त्याची नोंदही कुणी घेत नाही. मेळाव्याचे फोटो पाहा. वर्गात निम्म्या मुली होत्या आणि फोटोत चार-पाच बायका बसलेल्या असतात. कारणं उघड आहेत. लग्नानंतर आडनाव बदलतं आणि बऱ्याच घरांत सासरी पहिलं नावही बदललं जाई. मुलग्यांकडे मुलींचे नंबर नसत, कारण त्या काळी बोलणंच बेताचं होतं. आणि अनोळखी पुरुषाने फोन करून ‘मी तुमच्या मिसेससोबत कॉलेजात होतो’ असं सांगितलं तर समोरच्या घरात काय वातावरण होईल याची धास्ती दोन्हीकडे असते. त्यामुळे शोध घेणारे पुरुष म्हणतात, ‘मुलींचा पत्ताच लागत नाही.’ पत्ता लागतो, पण तो पुरुषांनी पुरुषांना विचारून लागत नाही.

वाट अशी आहे. आधी एकच वर्गमैत्रीण शोधावी, जी शिक्षिका असेल, अंगणवाडी सेविका असेल, नर्स असेल, बचत गटात असेल. पुढचा सगळा शोध तिच्या हाती द्यावा आणि ती संयोजकांपैकी एक आहे हे निमंत्रणावर छापावं. निमंत्रण दोन्ही नावांनी काढावं: माहेरचं नाव आधी, सासरचं नंतर. माहेरचं नाव वाचून वर्गमित्र ओळखतात आणि सासरचं नाव वाचून घरच्यांना कळतं की हे आपल्याच सूनबाईसाठी आहे. पत्ता माहेरून काढावा. नवऱ्याला आणि मुलांना जेवणाचं बोलावणं असावं, पण त्यांच्या येण्यावर तिचं येणं अवलंबून राहू नये. कार्यक्रम उजेड असताना संपावा. एसटीची शेवटची गाडी कोणत्या गावाला किती वाजता आहे हे संयोजकाला माहीत असावं आणि ज्या बाजूला गाडी नाही त्या बाजूला कुणाच्या चारचाकीने कोण जाणार हे आधी ठरलेलं असावं. ही व्यवस्था झाली की बायका येतात. आणि त्या आल्या की मेळाव्याचा सूरच बदलतो, कारण कोणत्या मुलीच्या वडिलांनी कुणाची फी भरली होती, कुणाच्या आईच्या आजारपणात वर्गातल्या कोणी रक्त दिलं होतं, अशा गोष्टी पुरुषांना बहुधा ठाऊकच नसतात.

तारखेचा प्रश्नही मुलींच्या सोयीशी जोडून पाहिला की सुटतो. भंडाऱ्यात कोणत्याही महिन्यात मेळावा ठरवा, कुणाची तरी अडचण होते. जूनमध्ये धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे असतात. जुलै आणि ऑगस्टचा अर्धा भाग रोवणीचा. त्या दिवसांत शेतकरी वर्गमित्राला बोलावणं म्हणजे त्याला येऊ नको सांगणंच. नोव्हेंबरच्या मध्यापासून भारी धानाची कापणी, मग पुंजणे रचणं, मग चुरणं, म्हणजे मळणी. जानेवारीच्या शेवटी उन्हाळी धानाची रोवणी लागते. मार्च ते मे परीक्षा, लग्नं आणि पंचेचाळीस अंशांचं ऊन. मोठ्या शहरांतून येणाऱ्यांना मे महिना सोयीचा वाटतो, म्हणून पुष्कळ मेळावे मे महिन्यात होतात. दुपारी दोन वाजता पत्र्याच्या हॉलमध्ये कूलर लावून बसलेल्या माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकूही येत नाही.

या जिल्ह्यातल्या खेड्यांनी मात्र हा प्रश्न फार पूर्वीच सोडवून ठेवला आहे. त्यांनी दिवाळी झाली की मंडई भरवली. झाडीपट्टीबाहेरच्या वाचकासाठी सांगतो: भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग या झाडीपट्टीत भाऊबीजेपासून पुढे गावोगाव मंडई भरते. मिठाई, बांगड्या, खेळणी, भांडी यांची दुकानं लागतात, दिवसा दंडार हे लोकनाट्य होतं, रात्री नाटक असतं आणि ते पहाटेपर्यंत चालतं. या नाटकांच्या मंडळ्यांचं मोठं केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पण मंडई म्हणजे केवळ बाजार आणि नाटक नाही. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला असतो आणि शेजारच्या गावाचा दिवस वेगळा, म्हणजे एकमेकांकडे जाता येतं. लेकी-जावई येतात, मामे-आत्ये जमतात, घराघरांत पाहुण्यांसाठी सैपाक होतो, सोयरिकीची बोलणी निघतात. पत्रिका लागत नाही. ‘मंडईला ये’ एवढं पुरतं. नाव नोंदवावं लागत नाही, वर्गणी भरली नाही म्हणून कुणाला परत पाठवत नाहीत आणि गेल्या वर्षी का आला नाहीस याचं उत्तर द्यावं लागत नाही.

मेळाव्याचं नियोजन करणाऱ्याने मंडईकडून शिकण्यासारखं सगळ्यात मोठं काय असेल, तर ठरलेला दिवस. दर वेळी नवी तारीख काढायला गेलं की ग्रुपवर मतदान सुरू होतं, चाळीस जण चार तारखा सांगतात आणि वर्ष निघून जातं. त्याऐवजी ‘भाऊबीजेनंतरचा पहिला रविवार’ असं एकदाच ठरवून टाकावं आणि मग त्याला हात लावू नये. त्या दिवसांत पुणे-मुंबईचे लोक घरी आलेले असतात. मुली भाऊबीजेला माहेरी आलेल्या असतात. ज्या वर्गमैत्रिणीला एरवी सासरहून निघायला चार कारणं सांगावी लागली असती ती आधीच तासाभराच्या अंतरावर असते. शाळांना सुट्ट्या असतात, म्हणजे शिक्षक मोकळे. हलकं धान निघालेलं असतं आणि भारी धानाची खरी घाई अजून लागायची असते, म्हणून शेतकऱ्याला एक दिवस काढता येतो. यात एकच अडचण आहे, रेल्वेची. मुंबईहून विदर्भ एक्सप्रेस आणि कोल्हापूर-पुण्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट गोंदियापर्यंत येतात आणि वाटेत वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर थांबतात, पण दिवाळीत त्यांची तिकिटं मिळणं कठीण. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. तारीख कायमची ठरलेली असली तर राहिलेल्या मित्राने ग्रुपवर एवढाच निरोप टाकायचा असतो: उद्या सकाळी आठला आरक्षण उघडतंय.

आता त्या ग्रुपबद्दल. व्हॉट्सअॅप २००९ मध्ये आलं, पण भंडाऱ्याच्या वर्गांना ते लाभलं २०१६ नंतर. त्या वर्षी ग्रुपची मर्यादा शंभरावरून २५६ झाली आणि सप्टेंबरमध्ये जिओ आल्यावर खेड्यातल्या माणसाच्या हातातही स्वस्त इंटरनेट आलं. जुने वर्ग भराभर सापडले ते तेव्हाच. आता एका ग्रुपमध्ये १,०२४ माणसं बसतात. मात्र सहा महिन्यांत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या आठवड्यात जुने फोटो, मग रोज सकाळी सुप्रभात, मग निवडणूक लागली की भांडण, मग दोघं-चौघं बाहेर पडतात, आणि मग वाढदिवस व श्रद्धांजली एवढंच उरतं. याचा दोष माणसांना देऊ नये. शंभर जणांपुढे आपल्या घरातली अडचण कुणी मांडत नाही. ग्रुप ही निरोपाची जागा आहे. मैत्री एकाशी एक बोलण्यातच टिकते. म्हणून ग्रुपवर एक नियम असावा, निरोपच यावेत, आणि राजकारण व फॉरवर्ड बंद. आणि फोन करावेत. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की जुन्या ओळखीच्या माणसाला आपण सहज विचारपूस केली तर त्याला किती बरं वाटेल याचा आपला अंदाज नेहमी कमी पडतो. ‘इतक्या वर्षांनी फोन केला तर त्याला काय वाटेल?’ या संकोचात राहिलेले फोन करून टाकावेत.

विसरलेली ओळख कामाचीही असते. डॅनियल लेविन, होर्हे वॉल्टर आणि कीथ मर्निघन यांनी २०११ मध्ये व्यवसायातल्या लोकांना किमान तीन वर्षं संपर्क नसलेल्या ओळखीच्यांकडे जाऊन सल्ला मागायला लावला. तो सल्ला रोजच्या भेटीतल्या लोकांच्या सल्ल्याइतकाच, पुष्कळदा अधिक उपयोगी निघाला. कारण मधल्या काळात ती माणसं वेगळ्या जगात राहून आलेली असतात आणि जुना विश्वास मात्र शिल्लक असतो. भंडाऱ्यात याचं रूप साधं आहे: मुलीच्या कॉलेज प्रवेशासाठी नागपुरात कुणाला विचारायचं, सातबाऱ्यावरचं नाव कसं दुरुस्त करायचं, आईला नागपूरच्या मेडिकल हॉस्पिटलला न्यायचं तर कोण सोबत येईल. यात गावात राहिलेला आणि शहरात गेलेला दोघांनाही एकमेकांची गरज पडते. सातबाऱ्याचं काम शहरातल्याचं असतं, ते इथे तलाठ्याकडे जाऊन राहिलेलाच करून देतो.

पैशाबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. दोन हजारांची वर्गणी बँकेतल्या अधिकाऱ्याला काहीच नाही, आणि ज्याचं धान तुडतुड्याने गेलं त्याला ती कित्येक दिवसांची मजुरी आहे. तो ‘पैसे नाहीत’ असं कधी सांगणार नाही. ‘काम निघालं’ असं सांगेल. म्हणून वर्गणीचा आकडा ठेवूच नये. ज्याला जे जमेल ते एका खात्यात टाकावं, दोघांच्या सहीचं खातं असावं, हिशेब एकूण रकमेचा सगळ्यांना दाखवावा आणि कुणी किती दिले हे कधीही वाचून दाखवू नये. खर्च कमी करण्याचे मार्गही आहेत. रिसॉर्ट घेण्याऐवजी कॉलेजचाच हॉल मागावा; तो बहुधा मिळतो आणि आपल्याच बाकावर बसण्याचं सुख कुठल्याही लॉनवर नाही. नाहीतर रावणवाडीच्या तलावाकाठी, गायमुखला किंवा चांदपूरला जावं. हा तलावांचा जिल्हा आहे, इथे सावली आणि पाणी विकत घ्यावं लागत नाही. सैपाकी गावातला सांगावा, भात चिन्नोर तांदळाचा असावा. सत्कार, शाली आणि स्मृतिचिन्हं यांवर होणारा खर्च मी तरी पूर्ण टाळीन. शिक्षकांना बोलवावं, त्यांना बोलू द्यावं, आणि ज्यांना येता येत नाही त्यांच्या घरी आदल्या दिवशी चार जणांनी जाऊन यावं.

कॉलेजांनाही आता माजी विद्यार्थी हवे आहेत. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था १९९४ मध्ये स्थापन झाली. तिच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा स्वतंत्र मुद्दा आहे आणि नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघटना आहे का, हे विचारलं जातं. त्यामुळे गावोगावच्या कॉलेजांनी अशा संघटना नोंदवल्या. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली त्यासाठी किमान सात जण लागतात. अनेक ठिकाणी हे काम कागदावर राहतं आणि मूल्यांकनाची समिती येण्याआधी एक सभा होते. पण माजी विद्यार्थ्यांनी मनावर घेतलं तर काय होऊ शकतं याचं महाराष्ट्रातलं थोर उदाहरण पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं आहे. टिळक आणि आगरकर ज्या कॉलेजात शिकले ते कॉलेज सरकारने १९३४ मध्ये बंद केलं. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांसारखे लोक पुढे झाले, सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीच्या अटींवर बोट ठेवून सरकारला कोर्टात खेचलं, आणि १९३९ च्या ऑगस्टमध्ये ते कॉलेज संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं. इरावती कर्वे आणि ह. धी. सांकलिया यांनी पुढे जे काम केलं ते याच उघडलेल्या दारांतून. भंडाऱ्याच्या कॉलेजांपुढे आज बंद पडण्याचं संकट नसेल, पण तासिकेवर राबणारे प्राध्यापक आणि अपुरं ग्रंथालय हे प्रश्न आहेतच. वर्षाला एका अप-डाऊन करणाऱ्या मुलीचा बसचा आणि पुस्तकांचा खर्च उचलणं एका वर्गाला सहज जमतं.

मेळाव्याच्या दिवशी काय करावं हे मी थोडक्यात सांगतो, कारण ते ज्याचं त्याला सुचतं. प्रत्येकाच्या छातीवर मोठ्या अक्षरांत नाव आणि गाव असावं. बाहरिक यांचे आकडे सांगतात तसं चेहरा पटतो, पण नाव आपणहून ओठांवर येत नाही. ‘सध्या काय करता’ हा प्रश्न माईकवरून विचारू नये. त्याने काही जण फुलतात आणि बाकीचे पुढच्या वर्षी येत नाहीत. त्याऐवजी कोणत्या गाडीने यायचात आणि शेजारी कोण बसायचं, हे विचारावं. गेलेल्यांची नावं एकदा, सगळ्यांनी उभं राहून, पूर्ण वाचावीत. त्यांच्या घरच्यांना बोलावलं असेल तर त्यांच्यासोबत जेवायला कोण बसणार हे आधी ठरवावं.

खरं काम त्यानंतरच्या आठवड्यातलं आहे. नवे नंबर वहीत चढवायचे. वही कागदाचीच असावी, कारण फोन पाण्यात पडतो. तिच्या दोन प्रती वेगवेगळ्या घरांत ठेवायच्या, एक पुरुषाच्या आणि एक बाईच्या. जे आले नाहीत त्यांना फोन जायला हवा, आणि तो राहिलेल्या मित्राने एकट्याने करू नये. शहरात परतलेल्या प्रत्येकाने पाच-पाच नावं वाटून घ्यावीत, कारण वर्षभर तोच एकटा सगळ्यांचे निरोप वाहत असतो आणि त्याच्या फोनचं रिचार्ज कुणी विचारत नाही. त्याच्या सोबतीला दुसरा एक माणूस त्याच दिवशी नेमून टाकावा, शक्यतो दुसऱ्या तालुक्यातला. मोहाडीचा असेल तर लाखनीचा, पवनीचा असेल तर तुमसरचा. आणि पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरमध्ये भाऊबीज कधी येते ते पाहून रविवारची तारीख तिथल्या तिथे ग्रुपवर टाकून द्यावी.